ओव्हरक्लॉकिंग : घरच्या डेस्कटॉपचा प्रोसेसर जपून वेगवान कसा करावा

कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने प्रोसेसर चालवणे, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. नववी-दहावीची मुले हल्ली हा शब्द सर्रास वापरतात आणि व्हिडिओ बघून घरी प्रयोगही करतात. त्यात गैर काही नाही. यंत्राशी खेळल्याशिवाय यंत्र कळत नाही. पण आपल्या बहुतेक घरांत कॉम्प्युटर एकच असतो. त्यावरच मुलीचा अभ्यास, त्यावरच अब्बांच्या दुकानाचे बिलिंग, त्यावरच स्कॉलरशिप आणि सीईटीचे फॉर्म. असा कॉम्प्युटर ऐन परीक्षेच्या दिवसांत बंद पडला तर खेळ महागात पडतो. म्हणून ज्यांना हे करायचेच आहे त्यांनी ते कसे करावे, आणि कोणी करूच नये, हे आम्ही इथे सविस्तर देत आहोत.

आधी हिशोब समजून घेऊ. प्रोसेसरला एक ठोका असतो, त्याला क्लॉक म्हणतात. मदरबोर्डवरून येणारा मूळ ठोका म्हणजे बेस क्लॉक. तो आजच्या डेस्कटॉपमध्ये १०० मेगाहर्ट्झ असतो. प्रोसेसर त्याला एका आकड्याने गुणतो. तो आकडा म्हणजे मल्टिप्लायर, बायोसमध्ये त्याला रेशोही म्हणतात. १०० गुणिले ३८ म्हणजे ३८०० मेगाहर्ट्झ, म्हणजेच ३.८ गिगाहर्ट्झ. रेशो ४० केला की ४ गिगाहर्ट्झ. गणित एवढेच. बेस क्लॉकला मात्र नवख्याने हात लावू नये, कारण त्याच्याशी बाकीचे भागही जोडलेले असतात आणि गडबड कुठून झाली ते सापडत नाही.

पूर्वी उलटे होते. १९९८ मध्ये इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याचा मल्टिप्लायर ४.५ वर कुलूपबंद होता, पण बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर धावायचा. स्वस्तातल्या प्रोसेसरमधून निम्मा वेग फुकट! पुढे एएमडीच्या अॅथलॉन आणि ड्युरॉनवर लोकांनी साध्या पेन्सिलीने बारीक तुटक जोडण्या जोडून मल्टिप्लायरचे कुलूप उघडले. पेन्सिलीतले ग्रॅफाइट वीज वाहून नेते ना, म्हणून. हे किस्से ऐकून आजही पुष्कळ जणांना वाटते की ओव्हरक्लॉकिंग म्हणजे फुकटची कमाई. ते दिवस गेले. आजचे प्रोसेसर गरजेनुसार स्वतःच वेग वाढवतात, त्याला बूस्ट म्हणतात. कंपनीने आधीच बरेचसे पिळून घेतलेले असते. आपल्या वाट्याला उरतात साधारण ५ ते १० टक्के, फार तर थोडे जास्त.

गरज आहे का, ते आधी बघा

कॉम्प्युटर सुरू व्हायला तीन मिनिटे लागतात, क्रोम अडखळतो, म्हणून ओव्हरक्लॉकिंग करायचे असेल तर थांबा. हा दोष बहुतेक वेळा प्रोसेसरचा नसतो. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, रॅम ४ जीबी असेल तर ८ किंवा १६ करा. फरक असा पडेल की ओव्हरक्लॉकिंगचे नाव काढणार नाही. इनपेजमध्ये उर्दू टायपिंग, एक्सेल, टॅली, झूमवरचे क्लास, यांना ओव्हरक्लॉकिंगचा काडीचा उपयोग नाही. उपयोग होतो तो व्हिडिओ एडिटिंगमधल्या रेंडरिंगला, मोठे प्रोग्रॅम कंपाइल करायला, थ्री-डीच्या कामाला आणि काही खेळांना. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एखाद्या तरुणाला तासाभराच्या रेंडरमध्ये चार-पाच मिनिटे वाचली तर ती कामाची आहेत. बाकीच्यांसाठी हा शौक आहे, आणि शौक म्हणूनच करावा.

आणि प्रत्येक प्रोसेसर यासाठी उघडा नसतो. इंटेलमध्ये मॉडेलच्या नावाच्या शेवटी के हे अक्षर लागते, उदाहरणार्थ आय५-१२६००के, आणि मदरबोर्डही झेड मालिकेचा लागतो. आय५-१२४०० सारख्या प्रोसेसरचा मल्टिप्लायर बंदच असतो. एएमडीच्या रायझनमध्ये जवळपास सगळे डेस्कटॉप प्रोसेसर उघडे असतात, पण मदरबोर्ड बी किंवा एक्स मालिकेचा हवा, जसे बी४५०, बी५५०, एक्स५७०. ए३२० आणि ए५२० वर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग होत नाही. रायझन ७ ५८००एक्स३डी हा अपवाद आहे, त्याचा मल्टिप्लायर बंद आहे. ऑफिसातून निघालेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप आपल्याकडे खूप विकले जातात. त्यांत हे प्रकरण बहुधा शक्यच नसते. आणि लॅपटॉपवर करूच नका. तिथे उष्णता बाहेर जायलाच जागा नसते.

या लेखात आम्ही रायझन ५ २६०० आणि बी४५० मदरबोर्ड ही जोडी उदाहरणाला घेतली आहे. २०१८ चा हा सहा कोअरचा प्रोसेसर आपल्याकडे भरपूर विकला गेला, आणि आता जुन्या बाजारातही दिसतो. शिकायला तो चांगला, कारण त्यात थोडी जागा शिल्लक आहे. मूळ वेग ३.४, बूस्ट ३.९ गिगाहर्ट्झ, ६५ वॅटचा, आणि कंपनीने दिलेली तापमानाची कमाल मर्यादा ९५ अंश.

उष्णता आणि व्होल्टेज

खरे शिकायचे ते इथे आहे, बाकी सगळी बटणे आहेत.

प्रोसेसर जी वीज खातो ती वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आठवीतला वर्ग आठवा. समजा प्रोसेसर ३.७ गिगाहर्ट्झवर १.२ व्होल्टमध्ये चालतो आहे. त्याला ४ गिगाहर्ट्झवर नेण्यासाठी १.३५ व्होल्ट द्यावे लागले. वेग वाढला ८ टक्के. वीज किती वाढली? १.३५ भागिले १.२, त्याचा वर्ग, गुणिले १.०८, म्हणजे सुमारे १.३७. वीज ३७ टक्के जास्त! ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडणार. म्हणून शेवटच्या १०० मेगाहर्ट्झसाठी जिवाचा आटापिटा करण्यात अर्थ नसतो.

तापमान जास्त झाले तर आजचा प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, तरी भागले नाही तर कॉम्प्युटर बंद करून टाकतो. म्हणजे उष्णतेविरुद्ध त्याच्याकडे ढाल आहे. हाताने दिलेल्या जादा व्होल्टेजविरुद्ध तशी ढाल नाही. तुम्ही बायोसमध्ये चुकून १.३ ऐवजी १.६ टाकले तर तो बिचारा घेईल. जास्त व्होल्टेज आणि उष्णता यांमुळे चिपमधल्या सूक्ष्म तारांतले धातूचे अणू हळूहळू सरकतात, याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. चिप एका दिवसात जळत नाही. सहा महिन्यांपूर्वी ज्या सेटिंगवर ती नीट चालायची त्याच सेटिंगवर अडखळू लागते, मग आणखी व्होल्टेज मागते. अशी झिजलेली चिप पुन्हा पूर्वीसारखी होत नाही.

रायझन २६०० साठी आमची मर्यादा १.३५ व्होल्ट. १.४ देऊन ४.२ वर चालवणारे भेटतील. त्यांचे त्यांना लखलाभ. घरातल्या एकुलत्या कॉम्प्युटरवर ते करू नये.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. व्हिडिओतली मंडळी एसीच्या खोलीत बसून तापमान दाखवतात. पंख्याने हवा मारणारा कुठलाही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. खोली २४ अंशांवर असताना प्रोसेसर ७० दाखवत असेल तर फरक झाला ४६ अंशांचा. हाच फरक मे महिन्यात खोली ३८ अंशांवर असताना धरा, ८४ होतात. मराठवाड्यात, खानदेशात किंवा विदर्भात पत्र्याखालच्या खोलीत कॉम्प्युटर असेल तर याहून जास्त. म्हणून जानेवारीत केलेली सेटिंग जानेवारीचीच समजा. आम्ही तपासणीच्या वेळी ८० अंशांची रेघ आखायला सांगतो, तीही उन्हाळ्यातली. हिवाळ्यात करत असाल तर ६८-७० वरच थांबा.

२६०० सोबत डब्यात मिळणारा छोटा रेथ स्टेल्थ कूलर मूळ वेगासाठी ठीक आहे, ओव्हरक्लॉकिंगसाठी अपुरा. १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर घ्या. कूलर बदलताना एक खबरदारी नक्की घ्या. या रायझनच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि सुकलेल्या थर्मल पेस्टमुळे कूलर ओढला की प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. त्यासाठी आधी दहा मिनिटे कॉम्प्युटर जोरात चालवून पेस्ट गरम होऊ द्या, मग बंद करून वायर काढा, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवा, सुटला की उचला. जुनी पेस्ट मऊ कापडाने पुसून वाटाण्याएवढी नवी पेस्ट पुरते. कॅबिनेटमधली धूळ ब्लोअरने काढा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

एसएमपीएसकडे बघायला विसरू नका. बाजारात ४५० वॅटचे स्टिकर लावलेले, हातात घेतले की हलके लागणारे डबे मिळतात. त्यांच्या भरवशावर ओव्हरक्लॉकिंग नको. ८० प्लस प्रमाणपत्राचा, ओळखीच्या कंपनीचा घ्या. मदरबोर्डवर प्रोसेसरशेजारी वीज पुरवणाऱ्या भागावर, व्हीआरएमवर, धातूची हीटसिंक नसेल तर तिथेही हौस आवरती घ्यावी. घराच्या वायरिंगला अर्थिंग आहे का, तेही एकदा वायरमनकडून बघून घ्या. यूपीएस असलाच पाहिजे, कारण बायोस अपडेट चालू असताना लाइट गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

रॅमचे फुकट काम

प्रोसेसरला हात लावण्याआधी सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम उघडून रॅमचा वेग बघा. पुष्कळ घरांत ३२०० ची डीडीआर४ रॅम विकत घेतलेली असते आणि ती २१३३ किंवा २४०० वर चाललेली असते, कारण कोणी बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलेलेच नसते. मेमरीच्या खिडकीत आकडा निम्मा दिसतो, १०६६ म्हणजे २१३३. रायझनमध्ये चिपच्या आतले दळणवळण रॅमच्या वेगाशी बांधलेले असते, त्यामुळे इथे खेळांमध्ये चांगला फरक दिसतो. २६०० चा अधिकृत रॅमवेग २९३३ आहे. ३२०० वर अडचण आली तर २९३३ ठेवा आणि समाधान माना. काही मदरबोर्डवर याच सोयीला डीओसीपी म्हणतात. कित्येकांनी इथेच थांबले तरी चालेल.

प्रत्यक्ष कृती

सगळ्यात आधी बॅकअप. फोटो, मार्कशीट, दुकानाचा डेटा, सगळे बाहेरच्या डिस्कवर. हे पाऊल गाळणाऱ्याने पुढचे वाचू नये, कारण अस्थिर प्रोसेसर नेहमी निळी स्क्रीन दाखवून बंद पडतोच असे नाही. कधी कधी तो मुकाट्याने चुकीचे उत्तर काढतो, आणि ते उत्तर फाइलमध्ये लिहिले जाते. फाइल उघडायला जाल तेव्हा कळते.

मग मोजमाप. एचडब्ल्यूइन्फो६४ हा प्रोग्रॅम तापमान आणि व्होल्टेज दाखवतो. त्यात रायझनच्या कोअर व्होल्टेजसाठी एसव्हीआय२ टीएफएन असे लिहिलेली ओळ बघावी, ती जास्त विश्वासाची. सिनेबेंच आर२३ दहा मिनिटे चालवा. गुण, सगळ्यात जास्त तापमान आणि तेव्हाचा वेग वहीत लिहा. वहीतच लिहा, कॉम्प्युटर सुरूच झाला नाही तर त्यातली नोंद काय कामाची?

आता कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. मूळ सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ओव्हरक्लॉकिंगच्या पानावर सीपीयू रेशो ऑटोवर असतो, तो ३८ करा. कोअर व्होल्टेजही ऑटोवर सोडू नका. रेशो वाढवला की काही मदरबोर्ड ऑटोमध्ये गरजेपेक्षा पुष्कळ जास्त व्होल्टेज देतात, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ते हाताने १.२५ करा. लोडलाइन कॅलिब्रेशन नावाची एक सेटिंग दिसेल. प्रोसेसरवर जोर आला की व्होल्टेज थोडे पडते, ते पडू नये म्हणून ती असते. मधल्या पातळीवर ठेवा. सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवली की जोर कमी होताना व्होल्टेज उसळी मारते. सेव्ह करून बाहेर पडा.

विंडोज आले, तर सिनेबेंच पुन्हा दहा मिनिटे. नीट पार पडले, तापमान रेघेखाली राहिले, तर बायोसमध्ये जाऊन रेशो ३९. पुन्हा तेच. असे करत करत एका टप्प्यावर प्रोग्रॅम बंद पडेल, निळी स्क्रीन येईल किंवा कॉम्प्युटर रिस्टार्ट होईल. घाबरण्यासारखे त्यात काही नाही. या व्होल्टेजवरची हद्द आली, एवढाच अर्थ. तेव्हा व्होल्टेज ०.०१२५ किंवा ०.०२५ ने वाढवून पुन्हा तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅमही बदलली, रेशोही वाढवला आणि मग बंद पडले, तर दोष कोणाला देणार? प्रयोगशाळेतला हा साधा नियम आम्ही विज्ञानाच्या तासाला घसा सुकेपर्यंत सांगतो, इथे तो मुलांना आपोआप पटतो.

अनेक २६०० प्रोसेसर १.३ ते १.३५ व्होल्टमध्ये ४ गिगाहर्ट्झच्या आसपास स्थिरावतात. तुमचा ३.९ वरच अडला तर तो त्या चिपचा नशिबाचा भाग. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन चिप सारख्या नसतात. याला जगभर सिलिकॉन लॉटरी म्हणतात. शेजाऱ्याचा ४.१ वर चालतो म्हणून आपल्याला जादा व्होल्टेज देऊ नये.

कधी सेटिंग इतकी बिघडते की स्क्रीनवर काहीच येत नाही. बहुतेक मदरबोर्ड दोन-तीन प्रयत्नांनंतर स्वतःच मूळ सेटिंगवर येतात. नाहीच आले तर वायर काढा आणि मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल पाच-दहा मिनिटे काढून पुन्हा बसवा. क्लिअर सीमॉस लिहिलेल्या दोन पिना असतील तर वायर काढलेली असतानाच त्या काही सेकंद स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जोडल्या तरी चालते. सेटिंग पुसली जाते, तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही. काम दुकानात नेण्याइतके मोठे नसते, पण माहीत नसल्यामुळे लोक मदरबोर्ड गेला समजून पैसे घालतात.

शेवटची परीक्षा

दहा मिनिटे टिकणे म्हणजे स्थिर होणे नव्हे. सापडलेल्या सेटिंगवर ओसीसीटी किंवा प्राइम९५ किमान एक तास चालवा, पहिली दहा मिनिटे समोरून न उठता. प्राइम९५ मुळात मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी केलेला प्रोग्रॅम आहे. तो स्वतःची उत्तरे पडताळून बघतो, त्यामुळे प्रोसेसरची बारीकशी चूकही पकडतो. मात्र तो रोजच्या कामापेक्षा पुष्कळ जास्त तापवतो. तापमान ८५ च्या पुढे जाऊ लागले तर थांबवा आणि एक पायरी खाली या. नंतर दोन-चार दिवस नेहमीचे काम करा. एचडब्ल्यूइन्फोच्या अगदी तळाशी डब्ल्यूएचईए एरर मोजणारी ओळ असते. ती शून्य राहिली पाहिजे. एक जरी चूक दिसली तरी सेटिंग पक्की नाही. रॅम बदलली असेल तर मेमटेस्ट८६ रात्रभर लावा. सगळे पार पडले की रेशोची आणखी अर्धी पायरी खाली आणून ठेवणे आम्हाला बरे वाटते. रायझनमध्ये ३९.५ असाही रेशो देता येतो.

विजेचे म्हणाल तर, प्रोसेसर ४० वॅट जास्त खाऊ लागला आणि रोज पाच तास जोरात चालला, तर महिन्याला ६ युनिट वाढतात. फार नाही, पण बिलात दिसतील.

नवीन प्रोसेसर असेल तर

रायझन ५००० आणि ७००० मालिकेत हाताने सगळ्या कोअरचा वेग बांधणे बहुधा तोट्याचे ठरते. रायझन ५ ५६००एक्स स्वतःहून ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत बूस्ट करतो. हाताने रेशो बांधला की तो बूस्ट बंद होतो आणि एका कोअरची कामे उलट मंदावतात. तिथे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह आणि कर्व्ह ऑप्टिमायझर वापरतात. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये उणे आकडा देऊन व्होल्टेज कमी करता येते, म्हणजे थंडही राहतो आणि वेगही मिळतो. उणे १० पासून सुरुवात करा, तपासणी वर सांगितली तशीच. उन्हाळ्यात तर आम्ही हाच मार्ग सुचवतो. रायझन ७००० मालिकेत इको मोडही आहे; वेगात थोडाच फरक पडतो, तापमान मात्र झपाट्याने खाली येते.

नव्या चिपच्या बाबतीत बायोस जुना ठेवू नका. २०२३ मध्ये एएम५ सॉकेटवरचे काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जादा एसओसी व्होल्टेजमुळे जळाले, तेव्हा एएमडीने बायोसमधूनच त्या व्होल्टेजला १.३ ची मर्यादा घातली. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे काही प्रोसेसर तर ओव्हरक्लॉकिंग न करताही जास्त व्होल्टेज मागून झिजत होते. २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोडमध्ये दुरुस्ती दिली आणि त्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर घरात असेल तर आधी बायोस अपडेट करा, ओव्हरक्लॉकिंगचा विचार तूर्त नको.

वॉरंटीचे स्पष्ट सांगायचे तर, ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेले नुकसान एएमडीच्या वॉरंटीत येत नाही, त्यांच्याच रायझन मास्टर प्रोग्रॅमने केले असले तरी. त्यामुळे वॉरंटी चालू असलेल्या नव्या कोऱ्या मशीनवर शिकण्यापेक्षा जुन्यावर शिकलेले बरे. पुढे कधी तो कॉम्प्युटर विकायचा किंवा नातेवाइकांना द्यायचा झाला तर बायोसमध्ये लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स निवडून सगळे मूळ सेटिंगवर आणा, रॅमचा एक्सएमपी तेवढा पुन्हा चालू करा, आणि तो किती व्होल्टवर किती दिवस चालला हे घेणाऱ्याला आधी सांगा. वहीतले पान फाडून सोबत दिले तर आणखी चांगले.